कर्ज आणि कावड

विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास' हे पुस्तक मराठीबाहेरच्या वाचकांना आता अनोळखी राहिलेले नाही. अमृतलाल नागरांनी ते 'आँखों देखा ग़दर' या नावाने हिंदीत नेले. इंग्रजीत तर २०११ ते २०१४ या थोड्या काळात त्याची तीन भाषांतरे आली. मृणाल पांडे यांनी नाव दिले '१८५७ : द रिअल स्टोरी ऑफ द ग्रेट अपरायझिंग'. सुखमणी रॉय यांनी प्रवास आणि हालअपेष्टा या दोन अर्थांच्या इंग्रजी शब्दांतले साम्य हेरून 'ट्रॅव्हेल्स ऑफ १८५७' असे म्हटले. प्रिया आडारकर आणि शांता गोखले यांच्या भाषांतराच्या नावात ब्राह्मण पुरोहित आला, साहस आले आणि १८५७चे बंडही आले. मूळ मराठी पुस्तक १९०७ साली, लेखकाच्या पश्चात, चिंतामण विनायक वैद्यांनी प्रसिद्ध केले, तेव्हाही बंडाची हकीकत हेच त्याचे मोठे आकर्षण होते.

यात कुणाचे काही चुकले असे मला म्हणायचे नाही. झाशीच्या वेढ्यात शहराच्या आत असलेल्या, इंग्रजांच्या नोकरीत नसलेल्या आणि आपल्या भाषेत लिहिणाऱ्या माणसाची साक्ष इतिहासकाराला किती वेळा मिळते? ती मिळाल्यावर त्याने तीच आधी वाचावी, प्रकाशकाने तीच मुखपृष्ठावर छापावी, हे साहजिक आहे. मात्र भाषांतराचे काम करणाऱ्या माणसाला एक खोड असते. शेवटचे पान कुठल्या स्वरात संपते ते आधी पाहायचे आणि मग पहिल्या पानाचा स्वर ठरवायचा. ते पाहायला गेले की 'माझा प्रवास' वेगळे दिसू लागते. त्याच्या शेवटी राणी नाही, इंग्रज नाहीत, तोफा नाहीत. खांद्यावर गंगेची कावड घेऊन काकांबरोबर घराकडे चाललेला एक कोकणी भिक्षुक आहे. या लेखात मला त्या शेवटच्या दिवसांविषयी लिहायचे आहे, कारण गोडसे भटजी निघाले कशासाठी आणि परतले काय घेऊन, याचा हिशेब तिथेच लागतो.

आधी नावातला शब्द पाहू. 'प्रवास' म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणे, हा अर्थ मराठी माणसाला इतका सवयीचा आहे की तो मराठीतच विशेष आहे हे सहसा लक्षात येत नाही. संस्कृतात प्रवास म्हणजे घरापासून दूर वस्ती करून राहणे. बंगालीत आणि हिंदीत आजही तोच अर्थ आहे. रामानंद चट्टोपाध्यायांनी १९०१ साली अलाहाबादहून बंगाली मासिक काढले तेव्हा त्याचे नाव 'प्रवासी' ठेवले, कारण ते बंगालबाहेर राहणाऱ्या बंगाल्याचे मासिक होते. आखाती देशांत राहणारा मल्याळी स्वतःला प्रवासी म्हणवतो, तोही याच अर्थाने. त्यामुळे 'माझा प्रवास' हे नाव बंगाली वाचक वाचतो तेव्हा त्याला रस्ता दिसत नाही, घरापासूनचे दूरपण दिसते. मराठी अर्थाने प्रवास मुक्कामागणिक थोडाथोडा संपत जातो. जुन्या अर्थाने तो घराचा उंबरा ओलांडेपर्यंत संपतच नाही. हे पुस्तक मला दुसऱ्या अर्थाच्या अधिक जवळचे वाटते.

विष्णुभट हे पेणजवळच्या वरसईचे. १८५७ साली निघाले तेव्हा वय तिशीच्या आसपास. घरी विद्या होती, वैदिकी होती. पण पैसा नव्हता आणि कर्ज होते. अशात बातमी आली की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार आहेत. दौलतराव शिंद्यांची ही विधवा राणी श्रीमंत होती आणि तिच्या यज्ञात दक्षिणाही तशीच वाटली जाणार होती. पेशवाई बुडून चाळीस वर्षे होत आली होती. श्रावणमासातली पुण्याची दक्षिणा ही कोकणातल्या भिक्षुकांसाठी वाडवडिलांच्या तोंडून ऐकलेली गोष्ट झाली होती. मराठी दरबार उरले होते ते दूर उत्तरेत: ग्वाल्हेर, इंदूर, झाशी, आणि ब्रह्मावर्तात पेन्शनवर ठेवलेल्या दुसऱ्या बाजीरावाचे घराणे. कोकणातल्या भटजीला कर्ज फेडायचे तर तिकडे जाणे भाग होते. विष्णुभट काकांबरोबर निघाले.

ते गेले 'हिंदुस्थानात'. दुसऱ्या भाषेतला वाचक इथे हमखास अडखळतो. त्या काळच्या मराठीत हिंदुस्थान म्हणजे नर्मदेच्या पलीकडचा मुलूख. 'देश' म्हणजे सह्याद्रीच्या वरचा, घाटावरचा प्रदेश. कोकण ते कोकण. वरसईच्या माणसाला घाट चढला की देश लागे आणि नर्मदा ओलांडली की हिंदुस्थान. तिकडच्या भांगेची आणि तिकडच्या बायकांची घरच्यांना धास्ती वाटे. आज इंग्रजीत 'हिंदुस्थान'च्या जागी 'इंडिया' घातले, तर भटजी आपल्याच देशातून आपल्याच देशात गेले असे वाक्य तयार होते. मग परतण्याच्या वाटेवर आपण किती सीमा ओलांडल्या हे त्या वाक्यातून कळतच नाही.

पुढची कथा बहुतेकांना ठाऊक असते. महूच्या आसपास शिपायांकडून काडतुसांची आणि येऊ घातलेल्या बंडाची बातमी कळली. यज्ञ राहिला बाजूला. ग्वाल्हेर, मग झाशी. १८५८च्या मार्चमध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा घातला, ३ एप्रिलला ती तटबंदी चढून शहरात शिरली आणि त्यानंतरचे दिवस शहरात कत्तल आणि लूट चालली. काका-पुतणे तेव्हा शहरात होते. घराघरातून ओढून मारलेली माणसे, रस्त्यातली प्रेते, धान्य, भांडी, कपडे अशी दिवसागणिक ठरवून केलेली लूट आणि झाशी संस्थानच्या ग्रंथसंग्रहाची झालेली नासधूस, हे सगळे त्यांनी लिहून ठेवले. पुढे काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी राणीची अचानक झालेली भेट हा तर पुस्तकातला सर्वात जास्त उद्धृत केला जाणारा प्रसंग.

त्या सगळ्यात एक बारीक धागा सतत चालू असतो, तो पैशाचा. दक्षिणा मिळते, कमरेला बांधली जाते, लुटली जाते. पुन्हा मिळते, पुन्हा जाते. लुटणारे बदलतात, कधी गोरे शिपाई, कधी वाटेतले लुटारू. राज्ये कोसळत असताना या माणसाचे लक्ष कनवटीला असते, म्हणून काही वाचक त्यांच्यावर थोडे हसतात. मला ते हसण्यासारखे वाटत नाही. तो पैसा त्यांचा नव्हता. तो घरच्या कर्जाचा होता, आणि प्रत्येक लुटीबरोबर घर तेवढे लांब जात होते.

शेवटी हातात जवळजवळ काही उरले नाही. हिशेबाच्या दृष्टीने मोहीम फसली. आणि इथे विष्णुभट काशीहून गंगेची कावड उचलतात.

कावड म्हणजे काय हे उत्तरेतल्या वाचकाला सांगायला नको. श्रावणात हरिद्वारहून निघणाऱ्या लाखो कावडियांना त्याने पाहिलेले असते. बांबूच्या दोन टोकांना टांगलेली दोन भांडी, तोंडे घट्ट बंद केलेली, आणि मधला भार खांद्यावर. ती वाटेल तिथे जमिनीवर टेकवायची नाही, ओवळ्याने शिवायची नाही. पाणी हे जगातले सर्वात अडचणीचे ओझे. दाण्याचे पोते अंगाला बसते. पाणी पावलागणिक डुचमळते. आजच्या रस्त्याने काशी ते कोकण सुमारे दीड हजार किलोमीटर भरते. दिवसाला वीस किलोमीटर चालायचे म्हटले आणि एकही दिवस थांबायचे नाही म्हटले, तरी अडीच महिने होतात. पाऊस, आजारपण, सोवळे-ओवळे, वाटेतल्या चौक्या धरल्या तर त्याहून जास्त.

गंगेचे पाणी लांबवर नेण्याची ही रीत फार जुनी, आणि ती केवळ हिंदूंची किंवा केवळ गरिबांचीही नव्हती. महंमद तुघलकासाठी दौलताबादला गंगेचे पाणी नेले जाई आणि ते अंतर चाळीस दिवसांचे होते, असे इब्न बतूताने लिहिले आहे. अकबर घरी आणि मुक्कामावर गंगेचेच पाणी पीत असे. दरबार आग्र्याला किंवा फत्तेपूरला असला तर सोरोंहून आणि पंजाबात असला तर हरिद्वारहून मोहरबंद घागरी येत, हे 'आईन-ए-अकबरी'त नोंदलेले आहे. लग्नाच्या पंगतीत पाहुण्यांना गंगाजल देण्याचा श्रीमंती थाट फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्नियेने पाहिला होता. म्हणजे कावड ही भक्ती होती, चैन होती आणि धंदाही होता. पैसे घेऊन कावडी वाहणारे लोक होते. ज्याला परवडे तो कावड विकत घेई. ज्याला परवडत नसे तो स्वतः वाही.

मराठी मनात मात्र कावड म्हटले की एकनाथ उभे राहतात. काशीची गंगा रामेश्वराला वाहायला निघालेले नाथ वाटेत तहानेने तडफडणारे गाढव पाहतात आणि कावड त्याच्या तोंडात रिकामी करतात. ही कथा आपण भूतदयेची म्हणून ऐकतो. पण तिचे बळ कुठून येते? नाथांनी कावड काशीत रिकामी केली असती तर गोष्ट झालीच नसती. शेकडो कोस खांदा सोलून आणलेले पाणी मुक्काम जवळ आल्यावर देऊन टाकले, म्हणून ती कथा. जितके घर जवळ तितके खांद्यावरचे पाणी मोलाचे. कावडीचे मोल शेवटच्या दिवसांत सर्वात जास्त असते आणि ती सांडण्याची भीतीही तेव्हाच सर्वात जास्त.

विष्णुभटांना भीती बाळगायला इतरही कारणे होती. उठाव मोडला होता, पण रस्ते शांत नव्हते. १ नोव्हेंबर १८५८ला अलाहाबादेत राणीचा जाहीरनामा वाचला गेला, आणि त्याच सुमारास तात्या टोपे नर्मदा ओलांडून दक्षिणेत उतरू पाहत होते. त्यांना फाशी झाली ती १८ एप्रिल १८५९ला. नानासाहेब कधी सापडलेच नाहीत. या काळात आणि त्यानंतरही बराच वेळ, उत्तरेतून दक्षिणेकडे पायी चाललेला मराठी ब्राह्मण हा गस्तीच्या शिपायाला सहज संशयास्पद वाटावा असा होता. बोली तीच, वेश तोच, दिशाही तीच. अशा माणसाच्या खांद्यावर कावड असणे ही, मला वाटते, नुसती श्रद्धा नव्हती. तो एक प्रकारचा परवानाही असावा. कावडवाला कुठून आला आणि कुठे चालला हे विचारावे लागत नाही. त्याच्या खांद्यावरच ते लिहिलेले असते.

काशीहून कोकणात पायी येणाऱ्याला नर्मदा ओलांडावीच लागते. भिक्षुकाच्या बाबतीत ही गोष्ट नकाशापुरती राहत नाही. पूजेच्या आरंभी संकल्प सांगताना आपण कुठल्या नदीच्या कुठल्या तीरावर, कुठल्या शकात, कुठल्या महिन्यात आहोत हे उच्चारावे लागते. नर्मदेच्या उत्तरेला विक्रम संवत. दक्षिणेला शालिवाहन शक. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. म्हणून शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिन्याचे नाव एकच असते, पण वद्य पक्षात उत्तरेतला महिना एक नाव पुढे असतो: तिकडे वैशाख कृष्ण पंचमी, तर इकडे चैत्र वद्य पंचमी. पंचांग हातात घेऊन जगणारा माणूस कृष्ण पक्षात नर्मदा ओलांडतो तेव्हा तिथी तीच राहून महिना मात्र एक पाऊल मागे येतो. स्वतःच्याच तोंडून उच्चारलेल्या तीन-चार शब्दांनी त्याला कळते की आपला मुलूख लागला.

मी तुलनात्मक साहित्याच्या एम.ए.साठी कोलकात्यात होते तेव्हा सुट्टीत हावड्याहून मुंबईची गाडी पकडत असे. दुर्ग, राजनांदगाव, गोंदिया या टप्प्यात कुठे तरी फेरीवाल्यांची भाषा बदले, आणि बहुतेक वेळा मी तेव्हा झोपलेली असे. रेल्वेने भाषेची सीमा झोपेत ओलांडता येते. पायी चालणाऱ्याला ती कित्येक दिवस ओलांडावी लागते. आधी पाणी मागायचा शब्द बदलतो, मग भाकरीचे पीठ बदलते, मग लुगडे नेसण्याची तऱ्हा. रेल्वेचा हा फरक विष्णुभटांच्या आयुष्यातच घडला. ते निघाले त्याआधी चारच वर्षे, १६ एप्रिल १८५३ला, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली होती. त्यांनी आठवणी लिहिल्या १८८३च्या सुमारास, तोवर मुंबई-कोलकाता लोहमार्ग जुळून बारा-तेरा वर्षे झाली होती. काशीयात्रेला महिने लागायचे ते दिवस लागू लागले होते. लिहिताना त्यांना ठाऊक असणार की आपण चाललो ती वाट आता कुणी चालणार नाही.

प्रवासवर्णनांत परतीचा भाग सहसा आटोपता असतो. जाताना सगळे नवे असते, म्हणून लिहिले जाते. येताना लेखकाला घाई असते आणि वाचकालाही. पण कुटुंबातली दोन माणसे एकत्र दूर जाऊन परततात, तेव्हा शेवटच्या दिवसांत त्यांच्यात एक वेगळी गोष्ट चालू असते. घरी काय सांगायचे, कोणत्या क्रमाने सांगायचे, काय सांगायचे नाही, हे ठरत जाते. काका-पुतण्यांनी एकत्र लूट पाहिली, उपास काढले, प्रेतांतून वाट काढली. पुतण्याला नेताना त्याच्या सुखरूपपणाची जबाबदारी काकांची होती; येताना कावड पुतण्याच्या खांद्यावर. माझी अटकळ अशी की पंचवीस वर्षांनी कागदावर उतरलेली हकीकत पहिल्यांदा रचली गेली ती बहुधा याच वाटेवर, दोघांच्या बोलण्यात.

मग सह्याद्रीचा घाट, तळकोकण, आणि वरसई. वरसईची नदी बाळगंगा. सह्याद्रीतून निघून पेणच्या बाजूने खाडीला मिळणाऱ्या एवढ्याशा नदीला आपल्या लोकांनी गंगेचे नाव दिले आणि मायेने 'बाळ' म्हटले. भारतभर अशा गंगा आहेत. मोठीपर्यंत पोचता येत नाही म्हणून प्रत्येक गावाने आपली धाकटी करून ठेवलेली. त्या धाकट्या गंगेच्या काठी थोरलीचे पाणी येऊन पोचले. विष्णुभटांनी त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले.

हे स्नान हा पुस्तकाचा खरा शेवट, आणि तो समजण्यासाठी त्या काळची एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. म्हाताऱ्या आईबापांना काशीला नेणे हे मुलाचे कर्तव्य. पण ते फार थोड्यांना जमे. बायकांना तर त्याहून कमी. पहिल्या बाजीरावाच्या मातोश्री राधाबाई १७३५ साली काशीयात्रेला निघाल्या, तेव्हा वाटेत रजपूत राजांनी त्यांचा सन्मान केला. त्या यात्रेमागे पेशव्यांचा दबदबा आणि राजकारण उभे होते. वरसईच्या भिक्षुकाच्या बायकोमागे काय उभे असणार? तिला गंगा दिसायची तर ती मुलाच्या खांद्यावरूनच यायला हवी. त्या स्नानाच्या वेळी ती काय म्हणाली असेल हे जाणून घ्यायला मला आवडले असते. राणी लक्ष्मीबाईचे बोलणे ऐकून ठेवणाऱ्या या पुस्तकात सर्वात कमी ऐकू येणारा आवाज आईचा आहे.

आणि हे घर सगळ्यांचे नाही, हेही म्हटले पाहिजे. ज्या सोवळ्याने कावड जपली, त्याच सोवळ्याने गावातल्या कित्येकांना त्या पाण्यापासून दूर ठेवले असणार. झाशीच्या हलवाईपुऱ्यात, कोष्टीपुऱ्यात मेलेल्यांना परतायला घर उरले नाही. गोडसे भटजी परतले, म्हणून आपल्याकडे पुस्तक आहे.

काशीहून परतण्याला मराठीत एक खास शब्द आहे: मावंदे. यात्रेहून आणलेल्या गंगेची पूजा करायची, गडूचे तोंड उघडायचे, ते पाणी वाटायचे, आणि गावाला जेवण घालायचे. जुन्या माणसांच्या बोलण्यात हा शब्द अजून येतो, मोल्सवर्थच्या कोशातही तो आहे, पण माझ्या पिढीतल्या अनेकांनी तो ऐकलेला नाही. रेल्वे आल्यावर परतणे सोपे झाले आणि परतण्याचा सोहळाही हळूहळू विरत गेला. मावंद्याशिवाय यात्रा पुरी होत नसे, यात एक समज होती. आपण सुखरूप आलो एवढे पुरत नाही. जे आणले ते वाटल्यावरच येणे पुरे होते.

आता हिशेबाकडे येऊ. विष्णुभट कर्ज फेडायला निघाले आणि ऋण फेडून आले, असे मला एका वाक्यात म्हणता येते, कारण मराठीने मला दोन शब्द दिले आहेत. बँकेचे ते कर्ज: गृहकर्ज, पीककर्ज. आईबापांचे, गुरूचे, समाजाचे ते ऋण. ऋणको, ऋणपत्र असे शब्द व्यवहारात असले, तरी रोजच्या बोलण्यात ही विभागणी पक्की आहे. पुस्तकाच्या आरंभी आपण 'ऋणनिर्देश' लिहितो. त्याच्या जागी 'कर्जनिर्देश' लिहिले तर लोक हसतील. शिवाय ऋण पूर्ण फिटत नाही, फिटू नये, अशीही आपली समजूत आहे. म्हणून आपण 'तुमच्या ऋणातच राहू इच्छितो' असे म्हणतो. आणि तरीही त्यातून मोकळे होण्याची एक जागा भाषेने ठेवली आहे: 'उतराई होणे'. खांद्यावरून कावड उतरवणाऱ्या मुलासाठी मला याहून योग्य क्रियापद सापडलेले नाही.

ही सोय सगळ्या भाषांत नाही. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. हिंदीत ऋण बँकेच्या पाटीवर जाऊन बसले आहे: गृह ऋण, कृषि ऋण. बंगालीत कृषिऋण आणि मातृऋण शेजारी शेजारी राहतात. कन्नडमध्ये मात्र आमच्यासारखी वाटणी आहे: सावकाराचे ते 'साल', अन्नाचे आणि मायेचे ते 'ऋण'. त्यामुळे गोडसे भटजींची गोष्ट प्रत्येक भाषेत थोडी वेगळी संपेल. हिंदी वा इंग्रजी भाषांतरकाराला त्या शेवटासाठी शब्दांची वेगळी जुळवाजुळव करावी लागते. ती केली नाही, तर रिकाम्या हाताने परतलेला एक भाविक भटजी तेवढा दिसतो, आणि मग पुस्तकाचे नाव गदर वा अपरायझिंगकडे झुकणे ओघानेच येते.

तमिळची गोष्ट आणखी निराळी. तिथे 'कडन्' म्हणजे बँकेचे कर्ज, आणि 'कडन्' म्हणजेच कर्तव्यही. मेलेल्या माणसाच्या उत्तरक्रियेला तिथे 'नीत्तार कडन्' म्हणतात: गेलेल्यांचे देणे. पहिल्यांदा हे कळले तेव्हा मला वाटले की या भाषेत 'माझा प्रवास' नेणे सर्वात अवघड जाईल. आता उलट वाटते. आपण मराठीत दोन खाती मांडतो आणि विष्णुभटांना एका खात्यात बुडालेले आणि दुसऱ्या खात्यात तरलेले ठरवतो. वरसईच्या अंगणात कावड उतरवताना त्यांच्या मनात अशी दोन खाती होती का? कमरेचा पैसा आणि खांद्यावरचे पाणी, दोन्ही त्याच आईबापांसाठी निघाले होते. त्यातले एक वाटेत लुटले गेले आणि दुसरे कुणालाच लुटावेसे वाटले नाही. तमिळ वाचक त्या दोन्हींना एकच शब्द वापरेल, आणि तो शेवट बहुधा त्याला आमच्यापेक्षा लवकर कळेल.